पडद्याचा आनुवंशिक आजार: फाइल कशी लावावी, बातमी कशी वाचावी

पुण्यातल्या एका नेत्र रुग्णालयात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. माझं बरंचसं काम अंधाऱ्या खोलीत चालतं, कारण ईआरजी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची विद्युत तपासणी, माझ्याकडे असते. तिथे येणाऱ्यांपैकी पुष्कळांना रेटिनायटिस पिगमेंटोसा, सगळे ज्याला आरपी म्हणतात तो, आधी रात्रीची आणि कडेची नजर नेणारा, नाहीतर मधली नजर बिघडवणारा स्टारगार्ट, नाहीतर लेबरचा जन्मजात आजार असतो. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये कुणीतरी पाठवलेली एक बातमी असते. "मॅडम, यावर औषध निघालंय म्हणे. आपल्याला चालेल का?"

मी उलट दोन प्रश्न विचारते. तुमचं जनुक कोणतं? आणि पडद्यातल्या कोणत्या पेशी अजून जिवंत आहेत? या दोन्हींची उत्तरं फाइलमध्ये असतील तर आलेली बातमी आपल्या कामाची आहे की नाही हे चहा पिता पिता ठरवता येतं. नसतील तर डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. आरपी हे एक नाव असलं तरी त्याच्या पोटात कितीतरी वेगवेगळे आजार आहेत. पडद्याच्या आनुवंशिक आजारांशी जोडलेली अडीचशेहून जास्त जनुकं आजवर सापडली आहेत. आरपीशी जोडलेला पहिला जनुकदोष, ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाचा, १९९० साली सापडला. तेव्हापासून संशोधन जनुकाच्या नावाने चालतं, आजाराच्या नावाने कमी.

हा आजार आपल्याकडे वाटतो तितका विरळाही नाही. जगभराचा आकडा साधारण चार हजारांमागे एक असा सांगतात. नागपूर भागातल्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या लोकांचे डोळे तपासले गेले, तेव्हा साडेसातशेमागे एक असं प्रमाण निघालं. तेव्हा "हे फक्त आमच्याच नशिबी" असं समजून फाइल कपाटात टाकू नका. ती कशी लावायची तेच सांगते.

आधी घरची माणसं

कोऱ्या कागदावर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला त्रास आहे तो आकार भरून टाका. नात्यात लग्न झालं असेल तर नवरा-बायकोमध्ये दोन रेघा. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत होती आणि आहे, त्यामुळे या दोन रेघा काढायला लाजू नका. डॉक्टरांना त्या एका खुणेतून पुष्कळ कळतं.

अडचण येते ती माहिती काढताना. "आपल्याकडे कुणाला रातांधळेपणा होता का?" असं थेट विचारलं की उत्तर ठरलेलं: "छे, आमच्याकडे तसलं काही नाही." लग्नं जमायची असतात, नावं झाकलेली असतात. म्हणून प्रश्न फिरवून विचारा, आणि शक्यतो आजीला किंवा थोरल्या आत्याला विचारा. रात्रीच्या वरातीत कोण कुणाचा खांदा धरून चालायचं? पाण्याने भरलेला तांब्या नेहमी कुणाच्या पायाने लवंडायचा, आणि त्यावरून कोण बोलणी खायचं? सिनेमा सुरू झाल्यावर आत शिरायला कोण तयार नसायचं? संध्याकाळी स्कूटर चालवणं कुणी लवकर सोडलं? एका आजींनी मला सांगितलं होतं, की त्यांचा दीर अंधार पडला की घराबाहेर पडायचा नाही, सगळे त्याला आळशी म्हणायचे. तो चौकोन आम्ही भरला.

डोळ्यांपलीकडचंही विचारा. लहानपणापासून कमी ऐकू येणारं कुणी आहे का? आरपी आणि बहिरेपण एकत्र आलं तर अशर सिंड्रोम असू शकतो. जन्मतः सहावं बोट असलेलं आणि ते काढून टाकलेलं कुणी? सोबत स्थूलपणा आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर बार्डे-बीडल नावाच्या आजाराची शंका येते. बाळ सारखं मुठीने स्वतःचे डोळे दाबत असेल, नजर स्थिरावत नसेल, तर तेही लिहून ठेवा. लेबरच्या आजारात ही खूण दिसते.

वंशवृक्ष काढून झाला की त्याच्याकडे जरा लांबून बघा. मामाला आहे, भाच्याला आहे, मधली बहीण ठणठणीत, असं असेल तर दोष एक्स गुणसूत्रावर असण्याची शक्यता मोठी. वडिलांकडून मुलाकडे गेला असेल तर एक्सचा प्रश्न मिटला, कारण वडील मुलाला एक्स देतच नाहीत. दर पिढीत कुणी ना कुणी असेल तर प्रबळ प्रकार, म्हणजे जनुकाची एकच बिघडलेली प्रत पुरते. आणि मागे कुणालाच नाही, एकदम दोन भावंडांना झालं, तर बहुधा अप्रबळ, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात: आई-वडील दोघेही वाहक, दोघांनाही काही त्रास नाही, आणि प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता २५ टक्के. या शेवटच्या प्रकारात "सुनेच्या माहेरून आलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता रिपोर्ट हातात घेऊन सासूबाईंनाच दाखवते: एक प्रत आईकडून, एक तुमच्या मुलाकडून.

ईआरजीच्या दिवशी

या तपासणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण लोक तयारी न करता येतात आणि मग दिवस फुकट जातो.

अर्धा दिवस मोकळा ठेवा. सोबत माणूस आणा, कारण बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात. केसांना तेल नको, कपाळाला गंध किंवा टिकली नको, काजळ तर अजिबात नको. इलेक्ट्रोड कातडीला नीट चिकटला नाही की लहरींत नुसता खडखडाट दिसतो. त्याच दिवशी पडद्याचे फोटो काढायचे असतील तर ते ईआरजीनंतर काढायला सांगा. फोटोचा प्रखर प्रकाश आधी डोळ्यात गेला तर निदान अर्धा तास थांबावं लागतं.

मग वीस मिनिटं पूर्ण अंधार. पूर्ण म्हणजे पूर्ण. फोन मी बाहेर ठेवायला लावते. स्क्रीनवर आलेला एक मेसेज पाहिला तरी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. या वेळात लोक फार छान गप्पा मारतात, आणि वंशवृक्षातल्या राहून गेलेल्या फांद्या बहुतेक तिथेच सापडतात. त्यानंतर मिणमिणत्या लाल दिव्यात मी खालच्या पापणीच्या कडेला चांदीचा मुलामा दिलेला एक बारीक नायलॉनचा धागा ठेवते. थोडंसं टोचल्यासारखं वाटतं, दुखत नाही. समोर पांढरा घुमट असतो. हनुवटी टेकवायची, मधल्या लाल ठिपक्याकडे बघायचं, पापण्या मिटायच्या नाहीत.

पहिले फ्लॅश इतके मंद असतात, की काहींना ते दिसतच नाहीत. हा भाग रॉड पेशींचा. शाळेच्या पुस्तकातल्या दंडाकार पेशी त्या ह्याच. अंधुक उजेडात त्या काम करतात. मग प्रखर फ्लॅश. इथे लहर आधी खाली जाते, मग वर उसळते. खाली जाणारा भाग प्रकाशग्राही, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या, पेशींचा, वर येणारा भाग त्यांच्या पुढच्या साखळीतल्या बायपोलर पेशींचा. शेवटी घुमटात पांढरा उजेड लावून दहा मिनिटं बसवतात आणि सेकंदाला तीस वेळा लुकलुकणारा दिवा दाखवतात. रॉड पेशींना या वेगाशी जमवून घेता येत नाही. म्हणून इथे जे उमटतं ते कोन, म्हणजे शंक्वाकार पेशींचं.

नेहमीच्या आरपीत आधी मंद फ्लॅशचं उत्तर बसतं, लुकलुकणाऱ्याचं नंतर. कागदावर हा क्रम दिसला की कोणत्या पेशी आधी चालल्यात ते कळतं. स्टारगार्टमध्ये उलटंच होऊ शकतं: माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नाही आणि ईआरजी जवळपास नॉर्मल! कारण बिघाड पडद्याच्या मधोमध, अगदी छोट्या जागेत असतो आणि ही तपासणी सगळ्या पडद्याची बेरीज करते. त्यासाठी मल्टिफोकल ईआरजी नावाची वेगळी तपासणी असते.

आता रडू आणणारी गोष्ट. रिपोर्टवर "प्रतिसाद नोंदवता आला नाही" असं छापून येतं आणि घरचे समजतात, संपलं सगळं. तसं नसतं. जत्रेचा गलका टेकडीवरून ऐकू येतो, पण देवळात चार म्हातारे भजन म्हणत असले तर तो आवाज टेकडीपर्यंत पोचत नाही. तरी भजन चालूच असतं. ईआरजी सपाट आलेली कितीतरी माणसं माझ्यासमोर तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतात, कारण मधल्या थोड्या कोन पेशी शाबूत असतात. त्या दिसतात ओसीटीत.

कोणत्या पेशी उरल्यात ते कसं कळतं

ओसीटी म्हणजे पडद्याचा उभा छेद, सुई न लावता. त्यात खालच्या बाजूला एक ठळक पांढरी रेघ असते. प्रकाशग्राही पेशी निरोगी असतात तिथे ती सलग दिसते आणि पेशी मेल्या तिथे तुटते. डॉक्टरांना सरळ विचारा: "माझी रेघ कुठून कुठपर्यंत आहे?" या उत्तराला ट्रायलवाले, म्हणजे माणसांवर नवे उपचार तपासून बघणारे, मोजपट्टी लावतात. दुसरा फोटो ऑटोफ्लोरोसन्सचा, म्हणजे पडद्याच्या स्वतःच्या चमकेचा. आरपीत त्यात बऱ्याचदा मधोमध एक उजळ कडं दिसतं. कड्याच्या आतला भाग अजून बरा असतो, आणि वर्षागणिक कडं किती आवळतंय त्यावरून आजाराचा वेग समजतो.

या सगळ्याखाली आरपीई नावाचा रंगद्रव्याचा एकेरी थर आहे. प्रकाशग्राही पेशी रोज आपल्या टोकाचा काही भाग टाकून देतात आणि आरपीई तो गिळून पचवते. सुमारे दहा दिवसांत अख्खं टोक नवं होतं. शिवाय प्रकाश पडून वापरलं गेलेलं अ जीवनसत्त्वाचं रूप पुन्हा ताजं करून देण्याचं कामही तिचंच. म्हणजे दोष आरपीईत असला तरी दृष्टी जाते ती प्रकाशग्राहींची. आणि दोष फक्त रॉडमध्ये असला तरी रॉड संपल्यावर काही वर्षांनी मागोमाग कोनही मरतात, त्यांच्या जनुकात काही बिघाड नसताना. का, यावर आजही प्रयोगशाळांत काम चालू आहे. पडद्याच्या आतल्या बाजूच्या गँग्लिऑन पेशी, ज्यांचे तंतू मेंदूकडे जातात, त्या मात्र बऱ्याच काळ टिकतात. ही उतरंड लक्षात ठेवा. पुढे बातम्या वाचताना तिचाच उपयोग होणार आहे.

एक व्यवहाराची गोष्ट: रिपोर्टचा व्हॉट्सॲपवर काढलेला तिरका फोटो कुणाच्याही कामाचा नसतो. मूळ रंगीत पीडीएफ मागून घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा, तारखेने नाव द्या. दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर न हलवता आजूबाजूचं किती दिसतं त्याची, तपासणी दरवर्षी शक्यतो त्याच मशिनवर करा, नाहीतर तुलना होत नाही.

रक्ताची चाचणी

जनुक चाचणीला रक्त थोडंसंच लागतं, जांभळ्या झाकणाच्या नळीत. खरं काम रक्त देण्याच्या आधी आणि नंतर असतं. आधी जनुक समुपदेशकाला भेटा, वंशवृक्षाचा कागद दाखवा. शक्य असेल तर आई-वडिलांचंही रक्त त्याच वेळी द्या. मुलाच्या जनुकात दोन बदल सापडले आणि ते दोन्ही एकाच पालकाकडून आलेत की एकेक दोघांकडून, हे त्यांच्याशिवाय ठरत नाही. दोन्ही एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत चांगली आहे आणि निदानच बदलतं.

रिपोर्ट आला की पहिल्या पानावर तीन गोष्टी शोधा: जनुकाचं नाव, बदलाची प्रत एक की दोन, आणि बदलाचा वर्ग. वर्ग पाच असतात, निरुपद्रवीपासून रोगकारकापर्यंत. मधला वर्ग सगळ्यात जास्त गोंधळ घालतो: "महत्त्व अनिश्चित". त्याचा अर्थ, बदल दिसला पण तोच दोषी आहे असं म्हणायला पुरावा नाही. अशा रिपोर्टवर मुलीचं लग्न मोडू नका की गर्भाबद्दलचा निर्णय घेऊ नका. घरातल्या बाधित आणि निरोगी माणसांत तो बदल तपासला तर बऱ्याचदा चित्र स्पष्ट होतं.

काहीच सापडलं नाही तर? पुष्कळांचं असं होतं. म्हणजे आजार आनुवंशिक नाही असं मुळीच नाही. आरपीजीआर जनुकाचा एक भाग एकसारख्या अक्षरांच्या पुनरावृत्तीमुळे नेहमीच्या पद्धतीने नीट वाचताच येत नाही. सीईपी२९० (लेबरच्या आजारातलं) आणि एबीसीए४ (स्टारगार्टमधलं) यांतले काही दोष जनुकाच्या अशा आतल्या पट्ट्यात असतात, की साधी एक्सोम चाचणी, जी जनुकांचे फक्त प्रथिन बनवणारे भाग वाचते, तिथे पोचत नाही. म्हणून लॅबकडून कच्चा डेटाही मागून घ्या आणि एक-दोन वर्षांनी तो पुन्हा तपासायला सांगा. डेटा तोच राहतो, पण मधल्या काळात ज्ञान वाढलेलं असतं. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, या संस्थांत या आजारांच्या जनुकांवर बरीच वर्षं काम चालू आहे. अवघड केस तिकडे पाठवण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

चाचणीचा एक फायदा लोकांना माहीतच नसतो. पडद्याच्या थोड्याच का होईना, पण काही आजारांना आजच उपाय आहे. रेफसम नावाच्या आजारात एक विशिष्ट मेदाम्ल शरीरात साठतं आणि पथ्याने ते कमी करता येतं. जायरेट ॲट्रोफीत प्रथिनांचं कडक पथ्य देतात. उलट बाजूने, एबीसीए४चा दोष असेल तर अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळायच्या असतात, त्यातून पडद्यातला विषारी कचरा वाढण्याची भीती असते. १९९३च्या एका अमेरिकी अभ्यासावरून आरपीच्या रुग्णांना रोज १५,००० युनिट अ जीवनसत्त्व देण्याची पद्धत पडली होती. पुढे तिच्या फायद्यावरच शंका घेतली गेली. जनुक माहीत नसताना, केमिस्टच्या सल्ल्याने, किंवा गरोदरपणात या गोळ्या तर घेऊच नका. गाजरं खा हवी तितकी.

बातमी हातात आली की

आता दोन प्रश्न घ्या आणि खऱ्या बातम्यांना लावून बघा.

लक्स्टर्ना. डिसेंबर २०१७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली, पडद्याच्या आनुवंशिक आजारावरची पहिली जनुकोपचार पद्धत. जनुक कोणतं? फक्त आरपीई६५, आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात. पेशी कोणत्या? हे प्रथिन आरपीईत असतं, ते अ जीवनसत्त्वाचं रूप ताजं करून देतं. ते नसलं की प्रकाशग्राही पेशी उपाशी राहतात, पण लगेच मरत नाहीत. त्या जिवंत असेपर्यंतच उपचाराला अर्थ. निरुपद्रवी विषाणूत चांगलं जनुक भरून पडद्याखाली इंजेक्शन देतात. याची सुरुवात एका कुत्र्यापासून झाली होती: ब्रियार्ड जातीचा, जन्मतः आंधळा, नाव लान्सलॉट. त्याच्यासारख्या कुत्र्यांचे निष्कर्ष २००१मध्ये छापून आले, जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर हे त्या कामातले प्रमुख. कुत्र्यापासून मान्यतेपर्यंत सोळा वर्षं गेली, हे पुढच्या वेळी "उंदरांची दृष्टी परतली" असं वाचाल तेव्हा आठवा. माणसांवरच्या चाचणीत तक्त्यावरची अक्षरं मोजण्यावर भर नव्हता, वेगवेगळ्या उजेडात अडथळ्यांच्या वाटेवरून चालायला लावलं होतं. दोन डोळ्यांची जाहीर किंमत साडेआठ लाख डॉलर. दुसरं कुठलंही जनुक असेल तर ही बातमी तुमच्यासाठी नाही, कितीही जणांनी पाठवली तरी.

क्रिस्पर. मार्च २०२०मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये एका रुग्णाच्या डोळ्यात, शरीराच्या आतच जनुक कापण्यासाठी पहिल्यांदा हे तंत्र वापरलं गेलं. जनुक सीईपी२९०, त्यातला एकच विशिष्ट दोष. २०२४मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत चौदा जण होते आणि त्यातल्या अकरा जणांत निदान एका मोजमापात सुधारणा दिसली. मथळे झळकले. पण कंपनीने नवे रुग्ण घेणं २०२२मध्येच थांबवलं होतं, हे त्या मथळ्यांत शोधून सापडत नाही. तेव्हा बातमी चांगली असली तरी "ट्रायल आत्ता चालू आहे का?" हे वेगळं तपासा.

ऑप्टोजेनेटिक्स. २०२१मधली, फ्रान्सची. अठ्ठावन्न वर्षांचा आरपीचा रुग्ण, दृष्टी जवळजवळ गेलेली. जनुक? इथे विचारावंच लागत नाही, कारण शेवाळापासून मिळालेलं प्रकाशाला जागणारं एक प्रथिन थेट गँग्लिऑन पेशींत घातलं. पेशी? उतरंडीतल्या शेवटच्या, टिकून राहणाऱ्या. खास गॉगल लावून त्याला टेबलावरची वही हाताने शोधता आली, पेले मोजता आले. चेहरा ओळखणं, वाचणं यातलं काही नाही. ज्याचा पडदा पूर्ण गेलाय त्याला ही दिशा महत्त्वाची. ज्याला अजून दिसतंय त्याला आज तिचा उपयोग नाही.

मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात. प्रौढ माणसाच्या कातडीच्या पेशीला पुन्हा मूळ पेशीसारखं बनवता येतं हे जपानच्या शिन्या यामानाका यांनी दाखवलं, २०१२चं नोबेल त्यासाठी. २०१४मध्ये जपानमध्येच एका वृद्ध महिलेच्या डोळ्यात, तिच्याच कातडीपासून बनवलेला आरपीईचा पत्रा बसवण्यात आला. तिचा आजार आनुवंशिक नव्हता, वयाबरोबर येणारा होता. याच तंत्राने रुग्णाच्या पेशींपासून बशीत पडद्याचा इवलासा तुकडा वाढवतात आणि त्यावर औषधं तपासतात. अशा संशोधनासाठी तुमचं रक्त किंवा कातडीचा कण मागितला तर जरूर द्या, पण संमतीपत्र घरी नेऊन वाचा. नमुना किती वर्षं ठेवणार, परदेशी पाठवणार का, काही सापडलं तर आपल्याला कळवणार का, आणि मन बदललं तर मागे घेता येतो का, हे त्यात असायला हवं.

पैसे मागणारे

भारतातल्या ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत फुकट बघता येतात. ती २००७ला सुरू झाली. आजाराचं नाव इंग्रजीत टाइप करा, आपलं जनुकही टाकून बघा, आणि प्रत्येक नोंदीत कुणाला घेणार आणि कुणाला नाही हा भाग सावकाश वाचा. परदेशातल्या ट्रायलसाठी अमेरिकेची क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह आहे. नोंद असणं म्हणजे उपचार चांगला असल्याचं प्रमाणपत्र नव्हे, पण नोंदच नसेल तर पुढे वाचायची गरज नाही.

मूळ पेशी डोळ्यात टोचतो, तीन सिटिंगचं पॅकेज, असं कुणी म्हणालं तर उठा आणि घरी या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पडद्याच्या आजारांवर मूळ पेशी मान्यताप्राप्त ट्रायलबाहेर वापरता येत नाहीत, आणि खऱ्या ट्रायलमध्ये प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या एका क्लिनिकमध्ये तीन वृद्ध महिलांनी पाच-पाच हजार डॉलर भरून पोटाच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचून घेतल्या होत्या. तिघींचीही दृष्टी गेली, वैद्यकीय नियतकालिकात २०१७ला ते छापून आलंय. दोन्ही डोळे एकाच दिवशी, ही खूण लक्षात ठेवा. प्रयोगात आधी एकच डोळा घेतात.

खऱ्या ट्रायललाही "हो" म्हणण्याआधी एक विचारा: यात गेलो तर पुढच्या ट्रायलमधून बाद होईन का? जनुकोपचाराचा विषाणू एकदा शरीरात गेला, की त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि बऱ्याच ट्रायल आधी उपचार घेतलेल्यांना घेत नाहीत. पहिल्या टप्प्याची ट्रायल मुख्यतः सुरक्षितता बघते. फायदा होईल या आशेने नव्हे, तर मदत म्हणून जायचं असेल तर जा.

तोवर

आरपीच्या रुग्णाला मोतीबिंदू लवकर होतो आणि पडद्याच्या मध्यभागी सूजही येऊ शकते. दोन्हींवर उपचार आहेत. "आरपीच आहे, वाढणारच" म्हणून तपासणी टाळली, की वाचवता येण्यासारखी दृष्टीही जाते. धाकट्या भावंडांना त्रास नसला तरी एकदा दाखवून आणा.

आणि दिव्यांग प्रमाणपत्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी ठरवताना तक्त्याबरोबर दृष्टिक्षेत्रही धरलेलं आहे: चांगल्या डोळ्याचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. म्हणजे ६/६ वाचणारा आरपीचा रुग्णही बसू शकतो. शिबिरात नुसता तक्ता वाचायला लावून "तुम्हाला तर सगळं दिसतंय" म्हणून परत पाठवलेले लोक माझ्याकडे येतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरताना दृष्टिक्षेत्राचा छापील रिपोर्ट जोडा, जिल्हा रुग्णालयात जाताना मूळ प्रत आणि ओसीटी दोन्ही घेऊन जा, आणि तिथे तक्त्याआधी दृष्टिक्षेत्राचा कागद पुढे करा.